मुलांनी दिलेला नंबर

ज्या वर्षी मी जवळजवळ काहीच शिकवलं नाही, त्या वर्षी मुलांनी मला पहिला नंबर दिला.

हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. कोपरखैरण्याच्या एका कॉलेजात मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला गणित आणि संख्याशास्त्र शिकवतो. सत्त्याण्णव सालच्या दिवाळीत माझी बायको सत्यभामा आजारी पडली. किडन्या गेल्या होत्या. दिवाळीपासून पुढे मी वाशीच्या दवाखान्यात जास्त आणि कॉलेजात कमी, असं चाललं होतं. संक्रांत झाली आणि ती गेली.

गणिताचा पेपर कागदावर दोघांचा होता. अर्धा माझा, अर्धा शांती तांडेलचा. शांती करावे गावची. वडिलांचा मासळीचा धंदा. त्यांच्या आळीत एम.एस्सी. झालेली ती पहिलीच. माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून मी तिला नावानं हाक मारायचो. मुलांसमोर मात्र शांती मॅडम. ती तासावर होती. म्हणजे वर्ष संपलं की नेमणूक संपली, जूनमध्ये परत बोलावलं तर बोलावलं. दोन वर्षं तिला बोलावलं होतं. तिसऱ्यांदा बोलावलं की कायम करायचा विचार करू, असं प्राचार्यांनी तिला तोंडी सांगितलेलं.

मी दवाखान्यात असताना माझा अर्धा पेपरही तिनेच शिकवला. मी सांगितलं नव्हतं. एकदा धावतपळत कॉलेजात आलो, तर माझ्या तासाला वर्ग भरलेला आणि आतून तिचा आवाज येत होता. मी दाराबाहेर थांबलो. सहसंबंध चालला होता. आमची बरीचशी मुलं माथाडींची. साताऱ्याकडून आलेली माणसं, बाप मार्केटात गोण्या उचलतो आणि पोरगं बी.कॉम.ला.

"कांद्याची आवक वाढली की भाव?" ती विचारत होती.

"पडतो!" वर्ग ओरडला.

"मग तो ऋण सहसंबंध. आणि आवक वाढली की तुझ्या बाबांच्या पाठीवरच्या गोण्या?"

"वाढतात मॅडम!"

"तो धन. आता सांग शिवतेज, भाव पडला म्हणून बाबांच्या गोण्या वाढल्या का?"

शिवतेज उभा राहिला. त्याला उत्तर येईना. "मॅडम, बाबांना विचारून सांगतो," तो म्हणाला आणि सगळा वर्ग हसला. तिनं त्याला फळ्यापाशी बोलावून उत्तर येईपर्यंत उभं केलं. तीही हसत होती, पण सोडलं नाही. हा धडा मी वीस वर्षं शिकवत होतो. इतका सोपा मला कधी जमला नव्हता.

सत्यभामा गेल्यावर तेरावं झालं आणि मी कामावर परत आलो. घरी बसून काय करणार? मुलगी कराडला सासरी परत गेली होती. पण वर्गात उभा राहिलो की मधेच सगळं थांबायचं. गणित अर्धं सोडवायचो आणि पुढची ओळ सुचायची नाही. एकदा तर फळ्यावर उत्तर लिहून, ते कुठून आलं हेच विसरलो आणि खुर्चीवर बसून राहिलो. पूर्वी माझ्या तासाला मागचे बाक बोलायचे, मी खडू फेकायचो. आता कुणी हूं की चूं करत नव्हतं. जे लिहीन ते मुलं गुपचूप उतरवून घ्यायची, चुकलेलं असलं तरी. शांती कधीकधी मागच्या बाकावर येऊन बसायची, मी कुठपर्यंत आलोय ते बघायला. दुसऱ्या दिवशी तिच्या तासाला तोच भाग ती पहिल्यापासून परत घ्यायची. मला बोलली नाही. मला ते मुलांच्या वह्यांवरून कळलं.

फेब्रुवारीत संस्थेच्या नव्या सचिवांनी आम्हा सगळ्यांची बैठक बोलावली. त्यांचा रबाळ्याला कारखाना होता. ते म्हणाले, "आमच्याकडे गिऱ्हाईक माल परत पाठवतं, तेव्हा चूक कुठे झाली ते आम्हाला कळतं. तुमचा माल परत येतच नाही. मग तुम्हाला कळणार कसं?"

माझ्या शेजारी हौसेराव जगदाळे बसले होते. ते वाणिज्य शिकवतात. ते माझ्या कानाशी म्हणाले, "येतो की. ऑक्टोबरात एटीकेटी घेऊन येतो."

सचिवांनी सांगितलं, यंदापासून मुलं शिक्षकांचं मूल्यमापन करतील. वर्गाला शिकवणाऱ्या सहा शिक्षकांची नावं छापलेला कागद मुलांना मिळेल. मुलांनी एक ते सहा नंबर लावायचे. स्वतःचं नाव लिहायचं नाही. कायम शिक्षकांना त्याचा काही धोका नाही. पण तासावरचे जे शिक्षक शेवटी येतील, त्यांना जूनमध्ये बोलावणार नाही.

मुलांना मात्र एवढंच सांगितलं, की शिक्षकांना सुधारायला मदत म्हणून हे करायचं आहे.

एफ.वाय.च्या वर्गात कागद वाटले त्या दिवशी आम्हाला स्टाफरूममध्येच थांबायला सांगितलं होतं. शांती डबा खात होती.

"मॅडम, भूक लागते तुम्हाला आज?" हौसेराव म्हणाले. "मी तर डबा उघडलाच नाही. ज्या पोरांना वर्षभर गाढव म्हटलं, ती आज मला नंबर देतायत."

"मग खरं काय ते लिहितील सर," शांती म्हणाली.

"तेच तर!"

ती हसली. मग मला म्हणाली, "मला टेन्शन नाय सर. पोरं कुरकुरतात माज्यावर. पण शिकवलेलं समजतं त्यांना. एवढं तर लिहितील." घरीसुद्धा तिनं जूनमध्ये परत बोलावणार म्हणून सांगून ठेवलं होतं. तिच्या भावाला ते पटत नव्हतं. तो म्हणायचा, अशी आशेवर नोकरी असते का?

आठवड्यानं निकाल लागला. शिपायानं तो स्टाफरूमच्या बाहेर फळ्यावर लावला. सगळे गोळा झाले. पहिला निकम, म्हणजे मी. हौसेराव तिसरे. सहावी, शेवटची, शांती तांडेल.

"निकमराव, पेढे!" हौसेरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग त्यांनी खालपर्यंत वाचलं आणि हात काढून घेतला. "हे काय?" ते म्हणाले. "हे उलटं लावलंय का?"

शांती माझ्या मागेच उभी होती. तिनं वाचलं. "अभिनंदन सर," ती म्हणाली. तिचा तास होता, ती तासाला गेली. मला वाटतं त्या दिवशी तिनं तास पूर्ण घेतला.

संध्याकाळी घरी गेलो. सत्यभामा सातवी शिकलेली. पण रोज मी घरी आलो की ती विचारायची, "आज किती झोपली?" वर्गात किती पोरं झोपली, असं तिला विचारायचं असायचं. मी खरं सांगायचो. चार झोपली, पाच झोपली. ती म्हणायची, "मग आज बरं शिकवलंसा." त्या दिवशी पहिला नंबर घेऊन मी घरात बसलो होतो. तिला सांगितलं असतं तर ती पोट धरून हसली असती. म्हणाली असती, तुमचा आन् पयला नंबर? मला भूक नव्हती. चहा केला, तोही दोन माणसांचा झाला.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांकडे गेलो.

"सर, यात चूक आहे," मी म्हणालो. "मी यंदा शिकवलेलं नाही. सगळं शांतीनं शिकवलंय. तुम्हाला माहीत आहे."

"निकम सर, हा तुमचा मोठेपणा."

"मोठेपणा नाही. खरं सांगतोय. तिचा नंबर माझ्या जागी लावा आणि माझा तिच्या जागी."

ते खुर्चीत मागे रेलले. माणूस वाईट नव्हता. सत्यभामा गेली तेव्हा ते घरी आले होते, तासभर बसले होते. "मी नंबर बदलायचे म्हटलं, तर मग मुलांना विचारलं कशाला?" ते म्हणाले. "उद्या दुसरा येईल, म्हणेल माझा बदला. सचिवांनी कागद स्वतः मोजून घेतलेत. मी काय सांगू त्यांना? निकम सर म्हणतात मुलांना कळत नाही?"

"मुलांना कळतं. म्हणून तर..."

"तुम्ही विश्रांती घ्या," ते म्हणाले. "तुमच्यावर प्रसंग मोठा आलाय."

मी बाहेर आलो. जिन्यात शिवतेज भेटला. तो वर्गाचा प्रतिनिधी. त्याची आई शेवंताबाई आमच्याच सेक्टरात राहते. सत्यभामा गेली त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नव्हती, तेव्हा तिनंच पिठलं-भाकरी आणली होती. आमच्याकडे त्याला कडू घास म्हणतात.

मी त्याला एका रिकाम्या वर्गात घेऊन गेलो. हेतल नावाची मुलगी आणि अजून दोघंतिघं मागोमाग आली.

"शिवतेज, खरं सांग. मला पहिला नंबर का दिला?"

तो लाजला. "सर, ते गुप्त असतं ना."

"मी रागावणार नाही."

"आमी ठरवलेलं सर. सगळ्या वर्गानं." त्यानं हेतलकडे बघितलं. "मी घरी सांगितलं, असा असा फॉर्म भरायचाय, निकम सरांचं काय लिहू, सर तर शिकवतच..." तो थांबला.

"बोल."

"शिकवतच नाहीत, असं बोललो मी. आई बोलली, येड्या, दुःखाच्या घरी मोकळ्या हातानं जातात का? आन् कडू घास नेताना त्यात मीठ कमी हाय का जास्त, असं कोन बघतं का? मग मी वर्गात सांगितलं. सगळे हो बोलले. करावेचा सूरज पन बोलला, आमच्यात पन असंच असतं."

"ठीक आहे," मी म्हणालो. "पण शांती मॅडमना शेवटचा का? त्या दोन नंबरला चालल्या असत्या."

शेवटी हेतल बोलली. "सर, त्यांनाच पहिला द्यायचा होता. म्हणजे खरा त्यांचाच होता. पण तुमच्या लगेच खाली त्यांचं नाव आलं असतं, तर सगळ्यांना कळलं असतं ना, की मॅथ्स त्यांनीच शिकवलं. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"म्हणून लांब ठेवलं," शिवतेज म्हणाला. "मॅडम आपल्या आहेत, त्या समजून घेतील. त्यांना तसा काय फरक पडतो सर? त्यांच्या घरी काय झालेलं नाही."

मी बाकावर बसलो. त्यांना सांगावं की नको, मला कळेना. मग सांगितलं. शेवटी येईल त्याला जूनमध्ये बोलावणार नाहीत, हे सांगितलं.

हेतलनं तोंडावर हात ठेवला. शिवतेज म्हणाला, "आयला." मग म्हणाला, "सॉरी सर." मग पुन्हा म्हणाला, "पन आमाला बोलले, सुधारायला मदत म्हणून."

"मला माहीत आहे."

"आमी जातो सर. प्राचार्यांना सांगतो. टेन्शन घेऊ नका. दोन मिनिटांचं काम हाय."

मी त्यांना थांबवायला हवं होतं की नको, ते अजून मला ठरवता येत नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाच्या सह्यांचा अर्ज घेऊन ती प्राचार्यांकडे गेली. त्याच वेळी सचिव तिथे बसलेले होते. आत काय झालं ते मला शिवतेजनं नंतर सांगितलं.

सचिवांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "तुम्हाला कुणी पाठवलं?"

"आमीच आलो सर."

"मूल्यमापनात तुम्ही शांती मॅडमना शेवटचा नंबर दिलात. आता लिहिता की त्या उत्तम शिकवतात. यातलं खोटं कुठलं? तेव्हाचं की आत्ताचं?"

"तेव्हाचं."

"का खोटं लिहिलंत?"

आता शिवतेजला काय सांगता येणार होतं? निकम सरांची बायको वारली म्हणून? ते सांगायचं त्याच्या जिवावर आलं. माझी लाज राखायला म्हणून तो गप्प बसला. सगळी मुलं गप्प बसली. सचिव म्हणाले, "नाव न लिहिता जे लिहिलं तेच खरं. सही करायला लावली की कुणीही काहीही लिहितं. हा दबाव आहे. दबाव कुणाचा, तेवढं बघायला पाहिजे."

त्यांनी शांतीला बोलावून घेतलं. मुलांना तिनं पाठवलं का, असं विचारलं. ती नाही म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं.

ती स्टाफरूममध्ये आली तेव्हा मी आणि हौसेराव दोघंच होतो. तिचा चेहरा लाल झाला होता.

"सर, बाहेर शिवतेजनं मला सगळं सांगितलं. तुमी का सांगितलंत पोरांना?" ती म्हणाली. रागावली की तिची बोली गावची व्हायची. "मी जानारच होते. गुपचूप गेले असते. आता म्हनतात, मुलांना भडकवते. तसं लेखी देन्यात आलं तर दुसरं कॉलेज मला उभं करील काय?"

"मी सांगतो त्यांना. मी आत्ता जातो."

"नका जाऊ सर! पाया पडते, आता नका जाऊ."

हौसेराव उठून तिला पाणी घेऊन आले. ते एरवी कुणाला पाणी देणारे नव्हेत. म्हणाले, "बस पोरी. पी."

ती प्यायली. थोड्या वेळानं शांत झाली. म्हणाली, "शेवटी टाकलं त्याचं काय नाय. पन मला वाटलेलं, यंदा तरी समजेल. मी बरं शिकवते का नाय, ते. दोन वर्षं कोन बोललं नाय. आता पोरं बोलली, तर ते पन तुमच्यासाठी बोलली."

हौसेरावांनी रिकामा पेला तिच्या हातातून घेतला.

ती नको म्हणाली होती तरी मी गेलोच, पण प्राचार्यांच्या घरी, रविवारी. म्हणालो, मी राजीनामा देतो. माझ्या जागेवर तिला घ्या. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "निकम सर, तुमची जागा मंजूर पद आहे. तुम्ही गेलात तर ती भरायची परवानगी कधी येईल, कुणी सांगू शकत नाही. तिला मिळणार नाही. तुमचंही जाईल. मग गणित कोण शिकवणार? मी?" मग ते म्हणाले, "तिचं मी लेखी काही होऊ देणार नाही. तेवढं माझ्या हातात आहे. तेवढंच आहे." मी चहा प्यायलो आणि परत आलो.

गॅदरिंगला पहिल्या नंबरच्या शिक्षकांचा सत्कार झाला. मी येत नाही म्हणालो होतो. सचिवांनी नाव पुकारलं. मी उठलो नाही, तेव्हा मागची मुलं टाळ्या वाजवायला लागली. त्यांना वाटलं, सर संकोचतायत. टाळ्या थांबेनात. शेवटी उठलो, शाल घेतली. व्यासपीठावरून खाली बघितलं, तर शिवतेज टाळ्या वाजवत नव्हता. मान खाली घालून बसला होता. शांती आली नव्हती.

मार्चच्या शेवटी तिचा शेवटचा दिवस झाला. ग्रंथालयाची पुस्तकं परत करून ती निघाली. मी तिच्याबरोबर बस स्टॉपपर्यंत गेलो. ऊन होतं. तिनं पदर डोक्यावरून घेतला होता.

"आता काय?" मी विचारलं.

"वाशीला एका क्लासमध्ये विचारलंय. अकरावी-बारावीचं. आणि घरी भाऊ म्हणतो, मासळीचा हिशोब बघ. तो मोठा खूश आहे. म्हणतो, बघ, सांगितलं होतं की नाय." ती थोडी हसली.

"माझ्यामुळे झालं."

"तुमच्यामुळे काय नाय सर. कुणामुळेच नाय. तेच तर."

मला तिला एक विचारायचं होतं. कॉलेजात दुसरं कुणी नव्हतं ज्याला विचारता आलं असतं. मुलांकडून उत्तर मिळणार नव्हतं. हौसेरावांनी चेष्टा केली असती. प्राचार्यांनी विश्रांती घ्या म्हटलं असतं. शांती माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसलेली होती. मी फळ्यापुढे कसा अडकून उभा राहायचो ते तिनं बघितलं होतं. गणित तिला येत होतं, शिकवताही येत होतं.

"शांती," मी म्हणालो, "एक विचारतो. मला बरं वाटावं म्हणून नको. खरं सांग. मी आता वर्गावर जावं का? मला शिकवता येतं का अजून?"

ती रस्त्याकडे बघत होती. बस येणार त्या बाजूला.

"चांगलं शिकवता सर," ती म्हणाली.

"शांती."

"चांगलंच शिकवता. बाईंना जाऊन अजून दिवस किती झाले? होईल नीट." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "जेवता ना वेळेवर?"

"हो," मी म्हणालो.

बस आली. ती चढली. मी तिकडेच बघत उभा होतो, तेवढ्यात दुसरी बस आली. कंडक्टरनं दारातून विचारलं, "येताय का काका?"

मी नाही म्हणालो. माझा तास होता.